स्प्रिंकलरपुढे तुम्ही का हसायचात

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यावर तुम्हाला लिहावं, असं कधी वाटलं नव्हतं. आज राहवेना. आज तुमची चोरी पकडली मी!

तुमचा तो शेवटचा हिवाळा आठवतो? पंपाला विजेची दिवसाची लाईन असली की तुम्ही हरभऱ्याला स्प्रिंकलर लावायचात आणि दुपार कलली की त्याच्यापुढे जाऊन उभे राहायचात. दिवस वाईट होते. अमक्यानं फवारणीचं औषध पिऊन जीव दिला, तमक्यानं दिला. कधी अकोटकडून, कधी चांदूर रेल्वेकडून बातमी यायचीच. त्यात धुऱ्यापलीकडच्या शेतातले रहीमचाचा घरी येऊन आईला हळूच म्हणाले, "भाभी, दादा वावरात एकटेच हसून राह्यले. दोन पावलं इकडं, दोन पावलं तिकडं. जरा ध्यान ठेवा."

झालं! फवारणीचं औषध आईनं देव्हाऱ्याखालच्या पेटीत लपवलं. तिथं तुम्ही हात लावणार नाही, ही खात्री. तुम्ही घरभर डबा शोधत चिडत होतात, आणि आम्ही दोघी तोंड मिटून. संध्याकाळी दिवा लावून ती त्या पेटीपुढेच हात जोडायची.

पुढे अकोल्याच्या दवाखान्यात तुमचं हृदयच थांबलं. तरी आईचं एकच पालुपद, "थ्या माणसाच्या मनात काय होतं, मले समजलंच नाई."

आज अमरावतीहून आले, तर आईनं स्प्रिंकलरचं अडकलेलं नोझल साफ करायला वावरात पिटाळलं. नोझल मोकळं झालं, तुषार उडाले, उन्हाकडे पाठ करून उभी राहिले, आणि बाबा, इंद्रधनुष्य! आभाळात नाही हो, हरभऱ्यावर. एक टोक माझ्या चपलेपाशी. हात घातला, तर नुसती बोटं ओली. मी सरकले, तेही सरकलं. मी मागे, तेही मागे. हसायला कधी लागले, कळलंच नाही.

धुऱ्यावर रहीमचाचा उभे. चेहरा पांढराफटक.

"बेटी, तू बी?"

बाबा, एका शब्दानं सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? आईला हाताला धरून न्यायचं होतं ना! पण जाऊ द्या. तुम्ही खुशीत होतात. एवढं कळलं आणि छातीवरचा धोंडा उतरला.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "एकटाच पाहे काय बुढा!" आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. किती दिवसांनी!

उद्याही दिवसाची लाईन आहे. तुम्ही उभे राहायचात तिथंच तिला उभी करीन, उन्हाकडे पाठ करून. शब्द देते. चाचांनाही बोलावलंय.

तुमचीच,
मंगी