कॅमेऱ्याकडे बघायचं नाही

कुनारा, दक्षिण ऑस्ट्रेलिया
रविवार, ९ ऑगस्ट १९८७

प्रिय गार्थ,

तुझं पत्र आणि सोबतचा तुमच्या सिनेमा कंपनीचा कागद मंगळवारी मिळाला. मी बरा आहे. थंडीत गुडघा धरतो, पण तो गेल्या वर्षीही धरत होता. आज सकाळी अंगणातल्या नळात बर्फ होता. सिडनीत एवढी थंडी नसेल, तरी छाती झाकून हिंडत जा. लहानपणी तुझी छाती लगेच भरायची.

कागदावर मी अजून सही केलेली नाही. एकवीस तारखेच्या आत तो पोचला नाही तर कंपनी सिनेमातला माझा तुकडा कापणार आणि दुसरा कुणी म्हातारा आणून ते काम पुन्हा करून घेणार, हे तू लिहिलंस ते कळलं. पण मी बाराव्या वर्षी शाळा सोडलेला माणूस. मला ती भाषा झेपत नाही. शेवटी शेजारच्या बेरिलकडून वाचून घेतलं. माझा चेहरा 'जगभरात आणि कायमचा' दाखवायची परवानगी मी देतो, असं त्यात आहे. कायमचा म्हणजे मी मेल्यावरही का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "क्लेम, तेव्हा तुला कुठे उठून बघायला जायचंय?" नवरा गेल्यापासून तिची जीभ जास्तच चालते.

शिवाय चष्म्याची दांडी सैल झाली आहे. सही चुकीच्या ओळीवर पडली तर पुन्हा सगळा घोळ.

त्या दिवशी माझ्यामुळे तुमचा वेळ गेला, त्याबद्दल लिहायचं राहिलं होतं. तुम्ही सगळे सिडनीहून एवढ्या लांब आपल्या जुन्या रेल्वे थांब्यावर आलात, आणि मी साधं एक काम नऊ वेळा चुकवलं. एकेचाळीस वर्षं मी त्या रुळांवर काढली. पहारीने रुळांच्या लाकडी स्लीपरखाली खडी ठासायची आणि शिट्टी ऐकू आली की मान डावीकडे वळवायची, एवढंच तू सांगितलं होतंस. ते मी झोपेतही केलं असतं. पण शिट्टी झाली की माझी मान डावीकडे न जाता सरळ समोर जायची. ती कानाला बोलायचं यंत्र लावलेली तुमची मुलगी चांगली होती बिचारी. पहिल्यांदा म्हणाली, "आजोबा, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही हं." चौथ्यांदा म्हणाली, "आजोबा, त्या काळ्या डब्यात काही ठेवलेलं नाही, खरंच." सहाव्यांदा तिने नुसतं घड्याळ बघितलं. तुझा तो मोठा नट मात्र खुर्चीवरून म्हणाला, "म्हातारबुवांना सिनेमाचा नाद लागला. आता माझं काही खरं नाही." सगळे हसले. तू हसला नाहीस, ते मी पाहिलं.

मग तू स्वतः आलास. माझी टोपी नीट केलीस आणि हळूच म्हणालास, "डॅड, सोपं आहे. मी इथे नाही असं समजा."

त्यानंतरही मी तीनदा चुकलो. ऊन उतरलं आणि तुम्ही सामान भरलंत. तू जेवायला थांबशील असं वाटून मी मेंढीची तंगडी भाजायला ठेवली होती, भोपळाही होता. बेरिल आणि मी ती चार दिवस खाल्ली. तुझी चूक नाही, गाड्या निघायच्या होत्या.

नवव्या वेळचा तुकडा चांगला आला आहे आणि तोच ठेवायचाय, असं तू लिहितोस. मला यातलं कळत नाही. तुझं ते टीव्हीवरचं कामही मी कधी बघितलं नाही, तुला माहीतच आहे. पण चुकलेलं काम चांगलं कसं होईल? दुसरा म्हातारा आणलास तर मला वाईट वाटणार नाही. बघ, विचार कर.

आपला,
सी. हॉकिंग


कुनारा
रविवार, १६ ऑगस्ट

प्रिय गार्थ,

बुधवारी तुझा फोन आला तेव्हा मला धड बोलता आलं नाही. फोनवर मला तसंही जमत नाही. लांबचा कॉल आहे, यंत्र टिकटिक करतंय, हेच डोक्यात असतं. तू विचारलंस, सही का नाही केली. मी चष्म्याचं सांगितलं. तू म्हणालास, "डॅड, त्या कागदात घाबरण्यासारखं काही नाही." मी म्हणालो, "मग कागद कशाला?" तेव्हा तू थोडा हसलास. ते मला बरं वाटलं.

मग तू विचारलंस, सारखे समोर का बघत होतात. मी म्हणालो, डावीकडून ऊन डोळ्यांवर येत होतं.

तू म्हणालास, "ऊन तुमच्या पाठीमागे होतं, डॅड. मीच तुम्हाला तसं उभं केलं होतं."

त्यावर मी फोन ठेवून दिला. लाईन गेली नव्हती. मी ठेवला.

आता लिहितो. तू वाच आणि फाडून टाक.

तुझी ती पोलिसांची मालिका मी सगळी बघितली आहे. सहा वर्षं, रोज संध्याकाळी साडेसातला, बेरिलकडे. तिचा रॉन तेव्हा जिवंत होता. त्याला शर्यती बघायच्या असायच्या, तरी तो मुकाट्याने खुर्ची द्यायचा. मी कुणाला सांगू नका म्हटलं होतं आणि त्यांनी सांगितलं नाही. तू खाकी कपड्यांत दारातून आत यायचास, टोपी काढायचास, आणि आज याने नीट जेवण केलंय की नाही ते मला तुझ्या गालांवरून कळायचं. ज्या भागात तुला गोळी घालून मारलं, त्या संध्याकाळी मी काही न खाता घरी आलो. हे सगळं खोटं असतं हे मला समजतं, एवढा मी अडाणी नाही. तरी दुसऱ्या दिवशी टपाल कचेरीसमोरच्या फोनवरून तुला फोन लावला. तू 'हॅलो' म्हणालास. एवढं ऐकलं आणि ठेवला. तुला आठवत नसेल.

त्यानंतर तू दिग्दर्शक झालास. सगळे म्हणाले, क्लेमचा मुलगा मोठा झाला. मीही हो म्हणालो. पण तेव्हापासून अकरा वर्षं तू कॅमेऱ्याच्या मागे आहेस आणि मला दिसत नाहीस. तुझे चारही सिनेमे मी पोर्ट पिरीला बसने जाऊन बघितले. त्यांत दुसऱ्यांचीच तोंडं. शेवटी नावं वर सरकतात तेव्हा तुझं येतं, पण मी सावकाश वाचतो, तुझ्यापर्यंत पोचेपर्यंत ते वर निघून गेलेलं असतं. बेरिल मोठ्याने वाचते. मागचे लोक शुक् शुक् करतात.

त्या दिवशी थांब्यावर तू कॅमेऱ्याशेजारी, माझ्यापासून दहा पावलांवर उभा होतास. केस पिकायला लागलेत तुझे, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. डाव्या गालावर तुझ्या आईसारखी खळी पडते, तीही मी विसरलो होतो. आणि तू म्हणालास, मी इथे नाही असं समजा. बाळा, तेच तर मी इतकी वर्षं करत आलो. तेवढा एक दिवस मला करता येईना. मी डावीकडे बघितलं असतं तर काम झालं असतं आणि तुम्ही निघून गेला असतात. मला कळत होतं. पहिल्या वेळेपासून कळत होतं.

म्हणून सही करायला हात पुढे जात नव्हता. त्या तुकड्यात माझ्या तोंडावर काय दिसत असेल ते मला ठाऊक आहे. ते गावाने बघितलं तर बघू दे. पण तू ते कापत बसला असशील, पुन्हा पुन्हा मागेपुढे करून बघितलं असशील. तुला काय वाटलं असेल?

तू एकोणीस वर्षांचा असताना रेल्वेतली नोकरी सोडून नट व्हायला ॲडलेडला निघालास, तेव्हा फलाटावर मी तुला म्हणालो होतो, "कोण बघणार आहे तुझं तोंड?" पोर्टर उभा होता, तुझी आई उभी होती. तू डब्यात चढलास. नंतर आपण दोघांनी ते वाक्य कधी काढलं नाही. तुझ्या आईने मरेपर्यंत मला त्यावरून ऐकवलं नाही, तेवढी दया तिने केली.

मला बघायचं होतं, गार्थ. तेव्हाही आणि रोजच.

सही केलेला कागद सोबत आहे. माझ्यामुळे तुझं काम दुसऱ्यांदा अडायला नको. अक्षर वाकडं आलं आहे, पण बेरिल म्हणते चालतं. उद्या सकाळी पेटीत टाकीन, म्हणजे गुरुवारपर्यंत पोचेल. नाही पोचला तर लगेच कळव, मी दुसऱ्यावर करीन.

आणि काम संपल्यावर जमलं तर ये. एकटा ये. बोलायला काही सुचलं नाही तरी चालेल, मलाही सुचणार नाही. स्वयंपाकघरात खिडकीशी उजेड चांगला येतो, तिथे बस. मी समोर बसेन.

तुझं तोंड बघायला आसुसलेला,
तुझा डॅड