धन तारेपलीकडचं शून्य

सोम. ९ फेब्रु.
एम.एस्सी. पहिल्या वर्षाचे चाचणीचे पेपर तपासायला घेतले. प्र. ३ माझा स्वतःचा, कुठल्या पुस्तकात नाही. दोन समांतर अनंत तारा, एकीवर विद्युतभार λ, दुसरीवर −२λ, मध्ये अंतर d. पोटेन्शिअल काढा. इथे पोटेन्शिअलचं शून्य नेहमीसारखं अनंतावर धरता येत नाही, एवढं कळतं का बघायचं होतं. बहुतेकांनी तिथेच धरून माती खाल्ली. थोड्यांनी मध्यबिंदू घेतला. ठीक.
पल्लवी तांडेल आणि रोहित, दोघांचं शून्य मात्र धन तारेच्या पलीकडे २d वर. लॉगमध्ये ते कुरूप ९/२. कुठलाही बिंदू चालतो, मान्य. पण सगळी जागा मोकळी असताना दोघं नेमके एकाच ठिकाणी? आणि माझ्या नमुना उत्तरातही तोच बिंदू. मी मुद्दाम वेडावाकडा घेतला होता.

मंगळ. १०
नमुना उत्तर स्टाफरूमच्या माझ्या खणात होतं. खणाला कुलूप नाही. खोलीत कोण येतं? सगळेच. पल्लवी तर रोज, शंका घेऊन. दातिवऱ्याची, आई मासळी विकते. वर्गात सगळ्यांत हुशार. उन्हाळी प्रकल्पासाठी मुंबईला तिचंच नाव पाठवायचं ठरवलं होतं.
शंकांच्या निमित्ताने येते आणि…
शी. पण आलं मनात.

गुरु. १२
दोघांना वेगवेगळं बोलावलं. आधी रोहित. बोईसरचा, वडील प्लांटमध्ये. "सुचलं मॅडम." तोच बिंदू का? "असंच." हातात खडू दिला. पोटेन्शिअलवरून फील्ड काढ म्हटलं तर पहिली ओळही येईना.
मग पल्लवी. तिने फळ्यावर सगळं मांडलं, शून्य दुसरीकडे घेऊन तेच फील्ड काढून दाखवलं. "शून्य कुटंबी धरा मॅडम, फील्डला काय फरक नाय."
मग पेपरात २d च का?
फळा पुसत म्हणाली, "कायतरी एक घ्यायचं होतं, घेतलं."
मीही तसंच घेतलं होतं. तरी इतका योगायोग?

शुक्र. १३
एचओडी सरांना सांगितलं. नावं दोघांची घेतली, बोलले जास्त तिच्याबद्दल. खोलीत येते, खण उघडा असतो, वगैरे. सर म्हणाले, "मग प्रकल्पाला तिचं नाव सध्या नको." मी हो म्हटलं. वाद घातला नाही.
घरी येताना उमरोळीपाशी स्कूटी बाजूला घेतली. नुसतीच उभी राहिले.

सोम. १६
व्हेक्टर पोटेन्शिअल सुरू केलं. एकाच चुंबकीय फील्डमागे कितीतरी पोटेन्शिअल असू शकतात, फील्ड बघून नेमकं कुठलं घेतलं होतं ते सांगता येत नाही. बोलताना दोघांकडे बघणं टाळलं. पल्लवी पहिला बाक सोडून मागे बसलेली. शेजारी कुणी नाही. म्हणजे वर्गात कळलंय. कुणी सांगितलं? मी फक्त सरांशी बोलले होते, स्टाफरूममध्ये. दार उघडं होतं का?

मंगळ. १७
सामंत सर माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. संध्याकाळी बोईसरला शिकवणी घेतात, रोहित तिथे जातो. आज चहा घेताना म्हणाले, "तुमचा तो तारांचा प्रश्न झकास हो. शून्य २d वर! पोरं चक्रावली असतील."
"तुम्ही कुठे पाहिलंत?"
"अहो, तुम्हीच दाखवलात की."
दाखवलं? प्रश्न दाखवला असेल. उत्तरसुद्धा? आठवत नाही. खरंच आठवत नाही. की माणूस इतक्या सहज खोटं…
शिकवणीत फुटलं असेल तर रोहितचं समजतं. पण मग पल्लवीला कुठून मिळालं? रोहितकडून? तिला त्याची गरज काय?

बुध. १८
एचओडी सरांना म्हटलं, पल्लवीचं नाव पाठवू या.
"काही पुरावा मिळाला?"
"नाही. पण तिला येतं. मी फळ्यावर पाहिलंय."
सामंतांचं बोलले नाही. काय बोलणार? सर कुरकुरत तयार झाले. अर्ज उद्या तिची सही होऊन जायला हवा. घेऊन निघाले, ती जिन्यातच भेटली. सांगितलं. खूश होईल वाटलं होतं.
"रोहितचं काय झालं मॅडम?"
"ते वेगळं बघू."
"त्याला कुणी दिलं, ते विचारलं का?"
"कुणी दिलं म्हणजे? तुला माहीत आहे?"
"आदी तुमी मला चोर ठरवली. आता मी नाव घेतलं तर खरं धरणार?"
उत्तर देणार तेवढ्यात वरून सामंत सर उतरत आले. पल्लवी भिंतीला लागून उभी राहिली. त्यांच्याकडे बघितलंही नाही. ते हसून माझ्याशी दोन शब्द बोलले, खाली गेले. वळून बघते तर ती वर निघून गेलेली.
अर्ज माझ्याच हातात. तिने घेतला नाही, की मी पुढे केलाच नव्हता?