लाल स्वेटरचा तुरा

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, शाळेतून निवृत्त झालेली चित्रकलेची बाई आणि घरी मागावर विणणारी, डोके ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोक्याबद्दल शंका असल्यास वकिलांना विचारावे. त्यांनी माझ्याकडून सुईत दोरा ओवून घेऊन खात्री केली आहे.

१. घर शाळेला. तिथे विणकामाचा वर्ग भरवावा. समोरच्या भिंतीवरचा लोकरीचा कोंबडा मी तिथेच माग ठोकून नऊ वर्षे विणला आणि दार मोजायचे राहून गेले. तो चौकटीसकट बाहेर काढायचा तर भिंत पाडावी लागेल. पाडू नये.

२. माग, धोटे आणि लोकरीचे कपाट विद्यार्थ्यांना. रंगांवरून भांडण झाल्यास मोठा गुंता जो सोडवेल, त्याने आधी निवडावे. लोकर खाणारी कसर कपाटासोबतच मिळेल. मी तीस वर्षे प्रयत्न केला, ती जात नाही.

३. मुख्याध्यापक कोंबडा पाहून म्हणाले होते, "पायपुसणं झकास, फक्त जरा मोठं झालंय." त्यांच्यासाठी बेताच्या मापाचे एक विणले आहे. त्यावर त्यांचेच चित्र आहे. पाय खुशाल पुसावेत.

४. आता धाकट्या बहिणीचे. कोंबड्याच्या तुऱ्याला हवा तो लाल मला कुठेच मिळेना. तो तिच्या स्वेटरमध्ये होता. आईने विणलेला शेवटचा स्वेटर. धाकटी माझ्याकडे राहायला आली होती. ती आंघोळीला गेली आणि मी तो उसवायला घेतला. ती बाहेर आली तेव्हा एक बाही उरली होती. "ताई, तू माणूस आहेस की कसर?" एवढे बोलून, बाही उचलून ती गेली, त्याला सहा वर्षे झाली. चूक माझीच. मला तिची फार आठवण येते.

म्हणून तुरा तिचा. तिने तो उसवून न्यावा. कोंबड्याचे बदक झाले तरी चालेल. माझा जीव त्यात अडकला आहे, पण लोकर तिची आहे.

वकील सांगतात, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचा हक्क बुडतो. म्हणून धाकटीला नुसते वाचायला बोलावले आहे. सह्या शिपाईमामा आणि शेजारीण करतील.

ठिकाण: मागाची खोली
दिनांक: १४ मार्च
सही: चित्रकलेच्या बाई

साक्षीदार १: शिपाईमामा. वाचले नाही, पण बाईंना ओळखतो.

साक्षीदार २: धाकटी बहीण. शेजारणीच्या हातातलं पेन मी घेतलं. हक्क बुडतो हे वकिलांनी दोनदा समजावलं, मला कळलंय. बाही पिशवीत आणली आहे. ताई, कोंबड्याचं शेपूट फारच किडकिडीत झालंय.