ओवेन, तुझं पान बंद

प्रिय ओवेन,

‘प्रिय’ लिहिलं ते सवयीने. आता खोडत नाही, राहू दे.

परवा सर्वपित्री अमावस्या आहे. गेल्या वर्षी मी तुझ्या नावाने पान वाढलं होतं, या वर्षी वाढणार नाही. एखाद्याचं पान बंद करायचं तर निदान त्याला कारण सांगावं, म्हणून हे पत्र. तुला जाऊन अडीचशे वर्षं होत आली, तुला मराठी येत नाही आणि मी तुझी कोणीही लागत नाही. तरी ऐक.

मी सुनंदा. माहेर-सासर दोन्ही रत्नागिरीकडचं, राहायला ओमानमध्ये, सीबला. नवऱ्याच्या व्हिसावर आले, त्यामुळे इथे मला नोकरी करता येत नाही. इतिहासात एम.ए. केलेली बाई दिवसभर घरात काय करणार? डाळी निवडणार. तेवढ्यात तुझी आठव्या पिढीची नात भेटली. कॅरल तिचं नाव, इथल्या एका शाळेत शिकवते. म्हणाली, “आमच्या घराण्याचा मूळपुरुष आयर्लंडहून अमेरिकेत आला, तेव्हा तिथे इंग्रजांचं राज्य होतं. एवढंच आम्हाला ठाऊक आहे. शोधशील?”

शोधशील काय विचारतेस बाई! मी त्याच दिवशी कॉम्प्युटर उघडून बसले.

आणि तू सापडलास तो कसा, तर फरारी म्हणून. पेनसिल्व्हेनियातल्या एका जुन्या वर्तमानपत्रात तुझ्या मालकाने जाहिरात दिली होती. “खाली सही करणाऱ्याकडून पळाला आहे: आयरिश चाकर, नाव ओवेन, वय विशीच्या आसपास, केस लालसर. चालताना खाली बघतो, बोलायला गोड आहे, कोणी विश्वास ठेवू नये. अंगातला तपकिरी कोट त्याचा नव्हे. पकडून आणणाऱ्यास बक्षीस.” बोटीच्या भाड्यापायी तू स्वतःला सात वर्षांसाठी विकलं होतंस आणि त्या कातडी कमावणाऱ्याच्या घरी कुजक्या चामड्यांत हात घालून राबत होतास. पळालास हे वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच टाळी वाजवली. पुढे तुला पकडलं आणि शिक्षा म्हणून आणखी वर्षं वाढवली, तेव्हा मी जेवता जेवता रडले. राजेश, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, “अगं, कोण कुठला तो? तुझा काका असल्यासारखी रडतेस.”

तू कधी गेलास ती तिथी काही सापडेना. ज्याची तिथी माहीत नाही त्याचं पान सर्वपित्रीला वाढतात. मग मीच ठरवलं, वाढायचं. सासऱ्यांसाठी खीर, वडे, अळूवडी, आमसुलाची चटणी होतीच. तुझ्यासाठी वेगळी बटाट्याची भाजी केली. आयर्लंडच्या माणसाला आणखी काय आवडणार, मला काय कळतंय? सलालाहून आलेली केळीची पानं सूकमध्ये, म्हणजे इथल्या बाजारात, मिळाली. दोन्ही पानं गच्चीत ठेवली. सीबचे कावळे मासळीबाजारावर पोसलेले, खिरीकडे ढुंकून बघत नाहीत. सासऱ्यांच्या पानाला शिवायला त्यांनी आम्हाला घाम फोडला. तुझ्या पानावर मात्र आल्या आल्या झडप! मी हात जोडले. म्हटलं, सुटला बिचारा.

बिचारा! आता तो शब्द आठवला की माझीच मला शिसारी येते.

कारण गेल्या महिन्यात तू पुन्हा सापडलास. पेनसिल्व्हेनियातलं तेच खोरं, तेच नाव, तोच कातडी कमावायचा धंदा, फक्त आता धंदा तुझा होता. जमीन होती, घर होतं. आणि पुन्हा जाहिरात होती. या वेळी खाली सही तुझी. “माझ्याकडून पळाली आहे: काळी बाई, नाव हॅना, वय तिशीच्या आसपास. चालताना खाली बघते, बोलायला गोड आहे, कोणी विश्वास ठेवू नये. अंगावरचा झगा तिचा नव्हे. पाठीवर वळ आहेत, त्यावरून ओळख पटेल.”

ओवेन, ती वाक्यं तू पाठ करून ठेवली होतीस का रे? मालकाने तुझ्यावर लिहिलेलं इतकी वर्षं मनात जपलंस ते यासाठी? आणि ते वळ कोणी उठवले? तू उठवलेस की माणूस ठेवला होतास?

आम्ही म्हणतो, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तुझं तर चांगलं भाजून निघालं होतं. तुला का नाही कळलं?

मी उठले. तोंड धुतलं, परत वाचलं. गच्चीतली ती बटाट्याची भाजी आठवली. हॅनाच्या पाठीची सालं काढणाऱ्याला मी माझ्या हातांनी वाढलं होतं, वर लिंबाची फोड ठेवली होती. मिळत असतं तर मी ते पान परत मागून घेतलं असतं.

कॅरलकडे गेले आणि दोन्ही जाहिराती तिच्यापुढे ठेवल्या. पहिली वाचताना तिचे डोळे भरून आले. दुसरी तिने वाचली आणि चहा ओतायला लागली. म्हणाली, “सुनंदा, तेव्हाची रीतच तशी होती. सगळेच करायचे. आमच्या कुळाच्या पुस्तकात पहिली घालू या. मुलांना वाचायला किती छान वाटेल! दुसरी नको.”

“मग हॅना?” मी विचारलं.

“ती आपल्या घराण्यातली नाही ना,” तुझी नात म्हणाली. अगदी गोड बोलते ती. तुझ्यावरच गेली आहे.

मी चहा तसाच टाकून आले. वाटलं, झालं, ही घाण परक्यांची, आपला काय संबंध! घरी येऊन पाहते तर राजेश माझ्याच कॉम्प्युटरसमोर बसलेला.

राजेश इथे अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या-दारं बनवणाऱ्या वर्कशॉपचा मॅनेजर आहे. मालक ओमानी, वयस्कर, सगळे त्याला अर्बाब म्हणतात. अधूनमधून येतो आणि खजूर देऊन जातो. कारभार सगळा राजेशचा. तिथला कारागीर संतोष, आमच्याच वाडीतला. राजेशनेच त्याला आणलं. शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचा, भात संपेपर्यंत गावच्या गप्पा सांगायचा. त्याला मुलगी झाली ती त्याने अजून पाहिलेली नाही. रजा मागितली की राजेश म्हणायचा, “इन्शाल्ला, हे काम संपू दे.” काम कधी संपतं का? पासपोर्ट राजेशच्या कपाटात. दोन गणपती असेच गेले आणि गेल्या आठवड्यात संतोष वर्कशॉपवर आलाच नाही.

“बरं झालं आलीस,” राजेश म्हणाला. “पेपरात नोटीस द्यायचीय. क्लार्क सुट्टीवर आहे, तुझं इंग्लिश चांगलं. लिही. खालील फोटोतला इसम कामावरून पळालेला आहे. कोणी काम देऊ नये, आसरा देऊ नये.”

“अर्बाबने सांगितलं द्यायला?”

“अर्बाब म्हणतो, जाऊ दे, खलास. त्याला काय कळतंय? एक सुटला की उद्या चार सुटतील. लिही, उजव्या हाताचं बोट अर्धं तुटलेलं आहे. चटकन ओळखू येईल.”

ते बोट कुठे तुटलं, सांगू ओवेन? राजेशच्याच वर्कशॉपमध्ये, पत्रा कापायच्या मशीनवर. जखम भरेपर्यंत डबा मी पाठवत होते. कालवलेला भात, म्हणजे डाव्या हाताने चमच्याने खाता येईल.

मी राजेशकडे बघत राहिले. पंधरा वर्षांचा संसार. माणूस वाईट नाही, आईला रोज फोन करतो, दारू पीत नाही, मुलांचा अभ्यास घेतो. आणि मला त्याच्या बोटांची किळस आली. की-बोर्डवर ठेवलेली ती दहा धडधाकट बोटं!

“मी नाही लिहिणार,” म्हटलं.

“का? सगळेच देतात. इथली पद्धत आहे.”

“तू आलास तेव्हा तुझा पासपोर्ट कोणाकडे होता?”

“तेच सांगतोय! मी काढलीच ना वर्षं गपचूप? मी पळालो का?”

बघ, हा तर पळालासुद्धा नव्हता. तू निदान एकदा पळालास. तुमच्या दोघांत डावं-उजवं करायची वेळ माझ्यावर यावी!

चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, हे आमच्याकडे हसून म्हणतात. मीही म्हणत आले. पण आपले चार दिवस आले की दुसऱ्याची पाठ शोधायची, एवढंच का शिकायचं असतं रे सोसून? तुझ्याकडून मला वेगळं काही हवं होतं. माझा राग तोच आहे. तू वाईट निघालास म्हणून नाही, तुला माहीत होतं म्हणून.

नोटीस राजेश दुसऱ्या कोणाकडून लिहून घेईल, ते मी थांबवू शकत नाही. पण एक गोष्ट त्याला माहीत नाही. परवा संतोषचा फोन आला होता. इब्रीला आहे, एका गाववाल्याच्या दुकानामागे झोपतो. “वहिनी, दादाला सांगू नका हां. मी काय चोरलं नाय. मला फक्त पोरीला बघायचंय.” आपल्या एम्बसीत गेलं तर पासपोर्टाशिवायही घरी जायचे कागद मिळतात, पण तिथे एकट्याने जायची त्याला भीती वाटते. इंग्लिश येत नाही, समोर साहेब दिसला की त्याची जीभ टाळ्याला चिकटते.

म्हणून तुला वचन देते, ओवेन. पहिलं पान तुला दिलं होतं, तर शब्दही तुलाच देते. परवा गच्चीत सासऱ्यांच्या शेजारचं पान हॅनाचं असेल. ती पुढे सापडली की सुटली, कुठे लिहिलेलं नाही. तिला काय आवडायचं हेही कोणी लिहून ठेवलं नाही, तेव्हा खीर जरा जास्त गोड करीन. तू कावळा होऊन घिरट्या घातल्यास तर टॉवेलने हाकलीन. आणि ते आटोपलं की संतोषला घेऊन एम्बसीत जाईन. तिथे विचारतील, तुम्ही कोण? सांगेन, ज्याने पासपोर्ट ठेवला त्याची बायको.

काल रात्री जेवताना राजेशने विचारलं, “संतोषचा फोनबिन आला नाही ना तुला?”

मी खाली बघितलं आणि गोड आवाजात म्हटलं, “नाही रे. भात वाढू का अजून?”

खाली सही करणारी,
सुनंदा