तिसऱ्या धड्याची अठरावी उत्तरपत्रिका

सिल्वासा,
रविवार, २ फेब्रुवारी १९९२

प्रिय दादा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम. तुझं पत्र आणि उत्तरपत्रिकांचा नवा गठ्ठा मिळाला. वहिनीची कंबर आता कशी आहे? तिला म्हणावं, हंडे उचलायला दादाला लाव, धडे लिहून काही हात झिजत नाहीत. आमच्या तेजस्विनीची दहावी महिन्यावर आली. ती दार लावून अभ्यास करते आणि इकडे जयवंत आणि मी न बोलता जेवतो.

मागच्या गठ्ठ्यातल्या सतरा उत्तरपत्रिका तपासून सोबत पाठवते आहे. अठरावी राहिली, ती पुढच्या खेपेला. यादी घेऊन मोजत बसू नकोस.

टपालाने पवित्र शास्त्राचे धडे मागवणारे हे आपले विद्यार्थी बहुतेक कारखान्यांतले. तुझा तिसरा धडा, 'देव आहे हे कशावरून?', त्यांना आवडतो. कारणाशिवाय काही घडत नाही, तर सगळ्याच्या मुळाशी एक पहिलं कारण असलंच पाहिजे, हा पहिला मुद्दा त्यांना चटकन कळतो. जिथे रचना तिथे रचणारा, हा दुसराही कळतो. माझं अडतं ते तिसऱ्यापाशी. तू लिहिलंस की बरंवाईट सांगणारा एक आवाज प्रत्येकाच्या आत असतो. तो आपण तयार केलेला नाही, कारण तो आपल्याच विरुद्ध बोलतो. म्हणून तो देणारा कोणीतरी आहे. ठीक. पण समज, एखाद्या बाईला तो आवाज स्वच्छ ऐकू आला आणि तरी ती भाकरी थापत राहिली, तर तुझा मुद्दा सिद्ध झाला की पडला? लवकर कळव. परीक्षक म्हणून विचारते आहे.

जयवंतांच्या कारखान्यात गेल्या महिन्यात अपघात झाला. पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर एका खानदेशी कामगाराची उजव्या हाताची चार बोटं गेली. चूक त्याचीच, असं कंपनी म्हणते. सतरा तारखेला लेबर ऑफिसात सुनावणी आहे. चूक त्याची ठरली तर भरपाई नाही आणि नोकरीही नाही. जयवंत शिफ्ट इंजिनियर, म्हणून त्यांना जबाब द्यायचा आहे. प्रार्थनेत आठवण ठेव. कोणाची, ते तूच समज.

तुझी,
कुसुम


सिल्वासा,
शनिवार, १५ फेब्रुवारी १९९२

दादा,

तुझं उत्तर बुधवारी आलं. एवढ्याशा प्रश्नाला चार पानं! तू म्हणतोस, मुद्दा पडत नाही. आवाज मोडला म्हणून तो नव्हताच असं होत नाही. उलट मोडल्यावर जे टोचत राहतं तेच त्याची साक्ष देतं. खरं सांगू? 'पडला' म्हणशील अशी मला आशा होती. मुद्दा पडला असता तर मी सुटले असते.

आणि शेवटी तू विचारलंसच, अठरावी कुठे आहे.

ती माझ्या शिलाई मशीनच्या खणात होती. तपासून झाली सात जानेवारीलाच. नाव समाधान कोळी, गाव पारोळ्याकडचं, शिक्षण सातवी, काम इथून जवळच सायलीला, पंख्यांचे भाग काढणाऱ्या कारखान्यात. म्हणजे जयवंतांच्याच. 'रचनेवरून रचणारा कळतो, याचं तुमच्या पाहण्यातलं उदाहरण द्या' या प्रश्नाला त्याने लिहिलेलं उत्तर जसंच्या तसं उतरवते:

"आमच्या प्रेसला दोन बटण आहेत. दोन हातांनी दोन बटण एकदम दाबले तरच प्रेस खाली येते. म्हणजे बनवणाऱ्याने आमच्या हातांचा विचार केला. त्याला आम्ही पाहेल नाही, पण तो आहे आणि तो चांगला आहे हे बटणावरून समजते. पण सायबांच्या सांगण्यावरून फिटरने एक बटण तारेने बांधून ठेवेल आहे. माल जास्त निघावा म्हणून. आता एक हात आतच राहतो. बनवणाऱ्याला हे दिसते का?"

खाली तारीख, २९ डिसेंबर.

चौदा वर्षं मी उत्तरपत्रिका तपासते आहे, असं उत्तर मला मिळालेलं नाही. तू धड्यात घड्याळाचं उदाहरण दिलंस. घड्याळावरून घड्याळजी हुशार आहे एवढंच कळतं. तो भला आहे की नाही, ते कळत नाही. या सातवी शिकलेल्या पोराने ते दोन बटणांवरून काढून दाखवलं. आणि मी लाल शाईने काय लिहिलं? 'उदाहरण चांगले. परंतु प्रश्नाबाहेरचे लिहू नये.' दहापैकी आठ. सही, तारीख.

त्याच संध्याकाळी जेवताना मी जयवंतांना विचारलं, तुमच्याकडे प्रेसच्या बटणाला तार बांधली आहे का? घास तसाच हातात धरून ते म्हणाले, कोणी सांगितलं? मी नाव सांगितलं नाही, एवढं एक बरं केलं. म्हणाले, शेठना माल हवा असतो, सगळीकडे असंच चालतं, तू तुझे पेपर तपास. मी त्यांना दुसरी भाकरी वाढली. पुढे चौदा दिवस मी त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही. एकवीस तारखेला समाधानचा हात प्रेसखाली आला.

त्या दिवशी त्याचं डोकं मांडीवर घेऊन जीपमधून दवाखान्यात जयवंतांनीच नेलं. शर्ट मी धुतला. हेही तुला सांगायलाच हवं, नाहीतर तू त्यांना राक्षस समजशील. ते राक्षस नाहीत आणि तेच जड जातं आहे.

आता कंपनीचं म्हणणं असं की समाधानने त्याच सकाळी, लवकर काम उरकावं म्हणून, स्वतःच तार बांधली. रघुनाथ फिटरने तसं लिहून दिलं आहे. सोमवारी जयवंतांनी सही केली की प्रकरण मिटलं. शेठ म्हणतो इंजिनियरला विचारा, इंजिनियर म्हणतो फिटरला, फिटर म्हणतो कामगाराला. तुझ्या धड्यातली कारणांची साखळी वर वर जाते आणि देवापाशी थांबते. इथली खाली खाली येते आणि ज्याला आता स्वतःची सहीसुद्धा करता येत नाही त्याच्यापाशी येऊन थांबते. तार नाताळच्या सुमारास बांधली असावी, असा माझा अंदाज. ती अपघाताच्या आधीपासून होती हे दाखवणारा एकच कागद आहे, आणि तो मी चिंध्यांखाली दडवून ठेवला होता.

गुरुवारी शाळेत शिकवून झाल्यावर दवाखान्यात गेले. समाधानची बायको गुड्डी मोसंबं सोलून त्याला भरवत होती. मी म्हटलं, तुमच्या उत्तरपत्रिका तपासणारी कुसुमताई ती मी. मी कोणाची बायको ते सांगितलं नाही. तो उठून बसायला धडपडला. पहिल्या दोन धड्यांवरची माझी सही त्याला पाठ होती. हे धडे का मागवता, म्हणून विचारलं तर लाजला. त्याच्या नावाने टपाल येतं, खोलीत राहणाऱ्या सगळ्या कामगारांत त्याच्या एकट्याच्या नावाने येतं, म्हणून. उजवा हात तो चादरीखाली घेऊन बसला होता.

मी निघाले तेव्हा म्हणाला, "ताई, मी एक प्रश्न लिहेल होता. त्याचं उत्तर नाही आलं."

"प्रश्न पोचला," मी म्हटलं.

"मंग?"

मी पिशवी उचलून बाहेर पडले.

परतताना बसमध्ये उत्तर सुचलं आणि पाचावर धारण बसली. बनवणाऱ्याला हे दिसतं का, असं त्याने विचारलं होतं. दिसत होतं, दादा. तुझ्याकडे चार परीक्षक आहेत, गठ्ठे तू डोळे झाकून वाटतोस, आणि तो कागद सायलीहून नगरला तुझ्याकडे जाऊन फिरून नेमका माझ्या टेबलावर आला. ज्या घरी ती तार सोडवता आली असती त्या घरी आला. देवाने पाहिलं आणि मला दाखवलं. मी दोन मार्क कापले.

तुझे तिन्ही मुद्दे खरे आहेत, त्यात मला शंका नाही. शंका नाही हीच माझी सोय झाली होती. कारणावरून कारणापर्यंत चालत जायचं, देव आहे असं ठरवायचं आणि मग निवांत भाकरी थापायची. पुरावा मागणाऱ्या शिष्याला प्रभूने मुद्दे ऐकवले नाहीत, खिळ्यांचे व्रण असलेले आपले हात पुढे केले. हे तू दर ईस्टरला सांगतोस आणि मी दर ईस्टरला मान डोलावते.

काल मी ती उत्तरपत्रिका लेबर ऑफिसात देऊन पोच घेतली. तुझ्यासाठी झेरॉक्स सोबत आहे. कधी आली, कधी तपासली आणि त्या संध्याकाळी जेवताना घरात काय बोलणं झालं, हे सगळं मी सोमवारी सांगणार आहे. मी फार घाबरले आहे. जयवंतांची नोकरी जाईल, क्वार्टर सोडावं लागेल, पोलिसही येतील, आणि पोरीची परीक्षा तोंडावर. वीस वर्षांचा संसार. ते पुन्हा माझ्या हातचं जेवतील की नाही, तेही सांगता येत नाही.

त्यांना मी अजून काहीच सांगितलेलं नाही. समोर उभं राहून सांगायचं धैर्य माझ्यात नाही. आज त्यांची दुपारची पाळी आहे आणि जाताना टपाल तेच टाकतात. हे पत्र न चिकटवता त्यांच्या हातात देईन आणि म्हणेन, आधी वाचा. खाली थोडी जागा सोडते आहे. त्यांनी काही लिहिलं नाही तरी सोमवारी मी जाणार.

उद्या कोणाची कोण असेन ते देव जाणे. आज तुझी बहीण,
कुसुम


सुधाकरराव,

सलाम. पत्र वाचलं. पाकीट मीच चिकटवतो आहे.

कुसुमची एक चूक झाली आहे. तार नाताळच्या सुमाराची नाही. दिवाळीची सुटी संपल्यावर पहिल्याच पाळीला बांधली. रजिस्टरमध्ये तशी नोंद नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. शेठनी फक्त माल मागितला होता. तार मी सुचवली.

सोमवारी तिच्याबरोबर जातो आहे.

जयवंत