मोकळं दावं

६ नोव्हेंबर, गुरुवार
डॉ.नी घशात नळी घालून पडद्यावर दाखवलं. स्वरतंतूवर गाठ, तांदळाच्या दाण्याएवढी. सहा आठवडे तोंडातून शब्द काढायचा नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानं म्हणे जास्त बिघडतं. मग परत बघू, नाहीतर ऑपरेशन. मी विचारायला गेले, "आणि गाणं…" तर त्यांनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. पुढचं पोटातच राहिलं.

रिक्षानं परत आलो. मंगळवार पेठेत आमच्या भांड्यांच्या दुकानापाशी उतरल्यावर हे म्हणाले, "एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझं ऐकून घेणार तू." हसू आलं. हसायलाही बंदी.
मुलाची शाळेतली पाटी माळ्यावरून काढली. खडू आणायला हवेत.

९ नोव्हेंबर, रविवार
ह्यांनी बहिणीला फोन केला वाटतं. नलू नाचाचा क्लास अर्धा सोडून आली. मुलींना म्हणे "तातताई शंभर वेळा करा" सांगून आली. माझ्याकडे बघून डोळे भरले तिचे, पण बोलली भलतंच: "वैनी, तुमी गप्प म्हंजे कोल्हापुरात मोठीच बातमी की!"

३० ला कार्यक्रम आहे. गगनबावड्याच्या वाटेवरचं गाव, दूध संस्थेच्या बायकांचा मेळावा. बावीस वर्षं चालत आलंय तसं नलू नाचणार आणि मी 'लेकीचं गाणं' गाणार होते. माझंच गाणं, चालही माझी. लेक सासरी जाते, आई गोठ्यात म्हशीची धार काढता काढता रडते. चार कडवी. लोकांना पाठ झालंय.

पाटीवर लिहिलं: गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग लाव.
"न्हाय."
मग दुसरं कुणी गाईल.
"न्हाय."
मग?
"गाण्याबिगर करतो."
ती गेल्यावर चहा केला आणि प्यायला विसरले. मनाला लागलं. माझ्यावाचून चालतं म्हणजे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
तालीम. नलूचा क्लास, तोच वरचा मजला. बापू मृदंगाला. मला नुसता टाळ धरायला दिलाय. टाळ! बापूंनी दहादा कान टवकारले, सवयीनं, माझ्या सुरासाठी. मग स्वतःच ओशाळले.

भांडण झालं, खडूनं. माझं म्हणणं: निदान आधी कुणीतरी माईकवर अर्थ सांगू दे. "सासरी निघालेल्या लेकीची आई" एवढं तरी. दरवेळी सांगतोच आपण.
नलू: "काय सांगायचं न्हाय."
लिहिलं: लोकांना कळणार नाही.
"बघू की."
पाटी पुसून पुन्हा तेच लिहिलं, मोठ्या अक्षरात. ती घुंगरं बांधत बसली. तिच्याशी भांडावं तर तिच्या पायातलंच आधी वाजतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
खरं लिहायचं तर लिहावं. मला भीती वाटते कार्य. छान होईल ह्याची.
गाणं आहे म्हणून नाचाला अर्थ आहे, असंच मी धरून चालले होते. नलू हात वर करते, मी "नदीपल्याडच्या गावा" म्हणते, तेव्हा कुठे तो हात नदी होतो. मी गप्प बसल्यावर तो नुसता हात.
आवाज परत नाही आला तर मी ह्या सगळ्यात कोण? टाळ धरणारी बाई.
ह्यांनी आज कळंब्याच्या तळ्याकडे फिरवून आणलं. एक शब्द बोलले नाहीत, माझी सोबत म्हणून. भला माणूस आहे. सांगायचं राहूनच जातं.

३० नोव्हेंबर, रविवार
सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या खरं वाटणार नाही.

दुपारचा कार्य. संस्थेच्या आवारात मांडव. तीनेकशे बायका, कडेवर पोरं, बसल्या जागी मोबाईल, गप्पा. नलू म्हणाली, "टाळ ऱ्हाऊ दे. वैनी, तुमी म्होरं बसा. कधी बघितलाय का माझा नाच म्होरनं?"
बघितला नव्हता. बावीस वर्षं बाजूनंच बघितला, माईकच्या आडून, तोही माझ्या कडव्याकडे लक्ष ठेवून.

शेजारी एक म्हातारी. शेवंताबाई, नाव मागून कळलं. "पावणं, कुनाच्यात आलाय?" मी गळ्याला हात लावून मान हलवली.
"मुकी हाय व्हय! असूंदे, असूंदे. मी सांगतो तुमास्नी समदं." मुकी म्हणजे बहिरीही, असं धरून ती माझ्या कानाशी ओरडूनच सांगायला लागली. तिच्या मागच्या चार ओळींनाही फुकटात अर्थ मिळाला.

नलू आली. नुसता मृदंग.
"उठली बघा. केस बांधलं. आता शेण काढाय लागली. चरवी घेतली. धारंला चालली."
इथवर मलाही पाठ. नलू गोठ्यात शिरली, हात बाजूला खुंट्याकडे गेला, बोटं काहीतरी सोडायला लागली, थांबली, परत आली. मग खाली बसून धार काढायला लागली.

मांडवातून एक आवाज: "अगं, रेडकू सोड की आदी! रेडकाबिगर म्हस पानावती व्हय?" हशा. दुसरी: "शेहरातली हाय गं ती, तिला पिशवीतलं दूध ठावं!" आणखी हशा.
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नलूचं चुकलं, आणि तेही ह्या बायकांपुढं! पण नलू शेतकऱ्याच्या घरची. लग्न होऊन मी त्या घरी गेले तेव्हा पाच म्हशींच्या धारा तीच काढायची. म्हशीपासून लांब उभी राहणारी होते ती मी, पेठेतली. रेडकू आधी सोडतात, ते लुचलं की म्हैस पान्हा सोडते, मग त्याला ओढून बांधतात, हे मला आज मांडवात बसून कळलं.

नलू हसण्यानं बिचकली नाही. तिचा हात पुन्हा खुंट्याकडे गेला. दावं उचललं. हातात घेऊन बघत राहिली.
शेवंताबाई ओरडली, "गप बसा गं! दावं मोकळं हाय. रेडकू मेलंय हिच्या म्हशीचं."
हशा विरला. नलू म्हशीच्या अंगावरून हात फिरवते, पुढ्यात पेंड टाकते, म्हैस काही ऐकत नाही. मग तिनं म्हशीच्या कुशीला डोकं टेकलं. एक हात स्वतःच्या छातीशी गेला. पदर काढून दोन्ही हातांनी छातीवर आवळून बांधला, दातात टोक धरून.
इथं मी तान घ्यायचे. तिसऱ्या कडव्याची. टाळ्या पडायच्या.

शेवंताबाईचा आवाज एकदम खाली आला. "आन् हिचंबी गेलंय, पावणं. तान्हं गेलंय हिचं. दूध दाटतंय, म्हनून बांधलंय बघा. आमच्या थोरलीला मीच बांधलंतं असं."

मला आधी रागच आला. हिला कुणी सांगितलं? कुणी अधिकार दिला? मग पुढचं काही दिसेना. म्हातारीनं स्वतःच्या पदरानं माझं तोंड पुसलं, जोरात, पोरीचं पुसावं तसं. "रडा, रडा. मुक्यानं तरी रडावं मानसानं."
म्हशीनं पान्हा सोडला तेव्हा मांडवात एक पोर सोडून कुणी आवाज करत नव्हतं.

१ डिसेंबर, सोमवार
काही लिहवत नाही. आमटी खारट झाली, हे दोनदा वाढून घेऊन जेवले.

३ डिसेंबर, बुधवार
लिहिते.
मुलाच्या आधी मुलगी झाली होती. अकरा दिवस होती. बाराव्या दिवशी बारसं ठरलं होतं, पाळणा रंगवून झाला होता. पुढं घरात कुणी विषय काढला नाही. माझ्यासाठीच काढला नसेल. मी दुखावेन म्हणून सगळे गप्प, सगळे दुखावतील म्हणून मी.

दूध थांबेना. नलू तेव्हा एकोणीसची. माझ्या खोलीत झोपायची. तिनंच सासूबाईंचं जुनं लुगडं फाडून माझ्या छातीला बांधलं, गाठ घट्ट बसावी म्हणून टोक दातात धरून. ते विसरले होते. नाही, विसरले नव्हते.

चार वर्षांनी गाणं झालं. "लेक गेली" एवढंच आधी आलं. पुढं काय लिहिणार? सासरी पाठवली तिला. ओळी भराभर सुचल्या, चालही. लोक म्हणाले, काय सुंदर सासरचं गाणं. मलाही बरं वाटलं. बावीस वर्षं दर कार्य.ला मी तिचं लग्न लावत आले.

७ डिसेंबर, रविवार
नलूकडे गेले. पाटी घेऊन.
कधीपासून?
तिनं विचारलंही नाही, काय ते. "पयल्यापासनं."
सांगितलं का नाहीस?
"तुमी गात हुता की, वैनी. लोक तुमचंच ऐकत्यात. शब्द असला की मानूस शब्द धरून चालतं, हाताकडं कोन बघतंय? मला तेच बरं हुतं. तुमी लेक सासरी धाडत हुता, धाडा. मी दावं धरून बसतो म्हटलं."
आणि आता का?
ती घुंगरांची दोरी गुंडाळायला लागली. "रेकॉर्डिंग लावलं असतं तर आनी एकदा लग्न झालं असतं पोरीचं. आत्या हाय मी. एकदा तरी खरं बघावं कुनीतरी तिच्याकडं, असं वाटलं. तुमास्नी वंगाळ वाटलं असंल तर मला मारा."

मारलं नाही. पाटी खाली ठेवून तिला धरून बसले. मला वाटायचं ती माझ्या गाण्यावर नाचते. ती माझ्या गाण्याखाली माझं खरं सांभाळून बसली होती, एवढी वर्षं, एका टाळीची आशा न धरता. असली नणंद कुणाला मिळते? देवाचे आणि सासूबाईंचे उपकार.

११ डिसेंबर, गुरुवार
बस्तीत, आमच्या जैन देवळात, जाऊन आले. मन हलकं.

सगळ्यांना तेच दिसलं असंही नाही म्हणा. नलूला संस्थेच्या बाईंचा फोन आला होता. कुणी म्हणालं म्हैस आजारी होती आणि बाई डॉक्टरची वाट बघत होती. एक सून म्हणाली, नवरा मुंबईला नोकरीला गेलाय तिचा, एकटी पडली. त्या सुनेचा स्वतःचाच गेलाय मुंबईला. बाईंनी विचारलं, "मॅडम, नेमकं काय हुतं वो?" नलू म्हणाली, "तुमास्नी दिसलं ते."

माझ्या गाण्यात असं कधी झालं नाही. तीनशे माणसांना मी एकच गोष्ट ऐकवायचे, आणि ती मीच बदललेली. ह्यावर आज ह्यांच्याशी पाटीवर बोलले. ह्यांचं म्हणणं वेगळं: "गाणं खोटं नव्हतं गं. मी मागं उभा राहून ऐकायचो ना. तू 'लेक' म्हणालीस की मला अकराच दिवसांची दिसायची. सासर-बिसर मी कधी ऐकलंच नाही."
म्हणजे हेही. आणि मी समजत होते, हे तिकिटं बघायला मागं थांबतात.
खडू खाली ठेवला, पाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनीच ती पुसली.

१८ डिसेंबर, गुरुवार
सहा आठवडे पुरे. गाठ निम्मी झालीय. दिवसातून थोडं बोलायची परवानगी, हळू. गाण्याचं संक्रांतीनंतर बघू. पूर्वीसारखा आवाज लागेल का, पाटीवर विचारलं. डॉ. म्हणाले, "सांगता येत नाही." खोटं बोलले नाहीत, आभार.

डॉ.पुढं नुसतं "हं" आणि "बरं" झालं. ह्यांना वाटलं पहिलं धड वाक्य त्यांच्या वाट्याला येणार. त्यांना एवढंच म्हटलं, "चला, नलूकडे." घोगरा, कुणा दुसरीचाच आवाज. तरी त्यांनी भर रस्त्यात डोळे पुसले.

नलूनं दार उघडलं. घरातून निघताना ठरवलं होतं तेच विचारलं:
"नलू, नाव काय ठरवलं होतंस तिचं?"
नाव आत्यानं ठेवायचं. कानात सांगेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही. तिनं कळू दिलंच नव्हतं. सव्वीस वर्षं.
ती उंबऱ्यातच उभी राहिली. मग माझं डोकं दोन्ही हातांत धरून, कानाशी तोंड नेऊन, बारशाला घालतात तशी आधी बारीक कुर्रर्र केली आणि सांगितलं.
छान आहे. इथं लिहीत नाही. ह्यांना रस्त्यात सांगितलं, कानातच.

२१ डिसेंबर, रविवार
दूध संस्थेचा पुन्हा फोन. फेब्रुवारीत हळदीकुंकू आहे, तोच नाच हवा. आणि शेवंताबाईचा निरोप: "त्या मुक्या पावणीलाबी आना, माज्याशेजारीच बसवा."
नलू हसून बेजार. मला विचारते, "काय सांगू? माईक मृदंगाचा एकच लावायचा का तुमचा धरून दोन?"

सकाळी दार लावून, तंबोरा न घेता, षड्ज लावून बघितला. लागला आणि फाटला. पुन्हा नाही लावला.
तिसरं कडवं मात्र खोडलंय. तान काढली. त्या जागी काय घालायचं सुचत नाही. एक नाव बसतं, तीन अक्षरी, मात्रेत अगदी नेमकं.
नलूला कळवलं, मुकी पावणी येतेय. माईकचं नंतर सांगते.