सात गोगलगायी

सोमवार, १४ मार्च १९९४. लखनौ.

आज मी एका माणसाचा ओठ फोडला.

गोमती नगरच्या जुन्या तळ्यावर पोचलो, तर बुलडोझर काठ फोडत होता आणि मजूर चिखलातून वर आलेली कासवं फावड्यांनी ठेचत होते. ठेकेदार हसत म्हणाला, "डॉक्टर साहब, टेंशन मत लीजिए. बगल में नया तालाब खुदवा दिया है, इससे बड़ा." मी सरळ थोबाडीत मारली.

ओठाचं रक्त पुसून त्याने खिशातून झेरॉक्स काढली. "आप ही ने लिखा है." तळं बुजवल्यास तिथल्या जिवांची काय हानी होईल यावरचा माझाच अहवाल, माझीच सही. 'शेजारी नवं तळं खणल्यास हानी भरून निघेल.' हे वाक्य मी दुसऱ्या अहवालातून उतरवलं होतं. आम्ही सगळेच उतरवतो. इथली गोगलगाय शेकडो वर्षं साचून कुजलेल्या गाळावरच जगते, हे मला माहीत नव्हतं? होतं की.

तो फुटलेला ओठ डोळ्यांसमोरून हलत नाही. मारायचं कुणाला होतं?

येताना सात गोगलगायी जेवणाच्या डब्यात भरून आणल्या. घरी आल्यावर वर नळाचं स्वच्छ पाणी घातलं. गाळ आणायचा राहिला.